दादाने वर केलेला हात

दुखऱ्या गुडघ्याच्या मलमाचा वास आला की मला बाळकुमचं मैदान आठवतं. दादा कबड्डी खेळायचा आणि दर हंगामात नव्या संघाची जर्सी घेऊन घरी यायचा. दुसऱ्या वर्षी त्याला कुणी ठेवत नसे. त्या दिवशी अंतिम सामना बरोबरीत होता, आणि जिंकलो तर संघाचे मॅनेजर त्याला कायम करणार होते. शेवटच्या चढाईत समोरच्या संघाच्या चढाईपटूची बोटं दादाच्या बाहीला घासून गेली. पंचांना दिसलं नाही, मला दिसलं. प्रामाणिकपणाची पत्रकं लिहून नाक्यावर वाटणारा मी मनात विनवत होतो, ‘दादा, गप्प राहा!’ दादाने हात वर केला आणि स्वतःहून रेषेबाहेर गेला. एका गुणाने हरलो. तो गुडघ्याला मलम चोळत बसला असताना मॅनेजर तावातावाने आले. “काय रे संत माणसा, पंचांनी विचारलं होतं का तुला?” “हात लागला होता, साहेब.” मॅनेजरांनी मलमाची डबी उचलून त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, “तो गुडघा नीट कर. पुढच्या वर्षी आमच्याकडेच खेळायचंय.” आजही पत्रक लिहायला बसलो की वाटतं, बरं झालं, तेव्हा मी मोठ्याने ओरडलो नाही.