बिनमिठाची पेज

एकतीस वर्षं दत्ताराम केळुसकरांनी मालवाहू बोटीवर पंचवीस माणसांना जेवू घातलं. समुद्र खवळला की पातेली दोरीने बांधून आमटी शिजवली. जेवणाला कुणी नावं ठेवली नाहीत. आता तोंडवलीच्या घरी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, नऊ महिन्यांच्या एका गिऱ्हाइकाने त्यांची अब्रू काढली होती.

हा नातू, अनिश. रात्रीतून चारदा उठायचा. बाप बोटीवर, आणि आई दिव्या सोमवारपासून कुडाळच्या कारखान्यात परत रुजू व्हायची होती.

"ह्यो असोच उठत रवलो, तर माका नोकरी सोडूची लागतली," असं ती सासूला म्हणाली, ते दत्तारामांनी पडवीतून ऐकलं. पोट भरलं की पोर निजेल, म्हणून अनिशचं संध्याकाळचं खाणं त्यांनी त्याच दिवशी स्वतःकडे घेतलं.

घरात नाचणीचं सत्त्व होतं. त्याची पेज त्यांनी मंद आचेवर घोटून घोटून चकचकीत केली, सवयीने चाखली, आणि हात मिठाच्या बरणीकडे गेला.

"बाबा," दिव्या म्हणाली, "वरसाचो होयसर मीठ नाय, साखर नाय, मध नाय. डाक्टरांनी सांगितल्यानी."

"गो, पण ह्याका चव खंय आसा?"

"चव तुमका व्हयी. त्याका नको."

बिनमिठाचं अन्न दत्तारामांनी आजवर फक्त पिंडाच्या कावळ्यासाठी ठेवलेलं पाहिलं होतं. तेच इतक्या कोवळ्या तोंडाशी न्यायचं म्हणजे त्यांना कसंतरीच झालं. तरी साडेआठला ते चमचा घेऊन बसले. अनिशने दोन घास घेतले, तिसरा त्यांच्या बनियनवर फुंकला. रात्री चारदा उठला.

दुसऱ्या दिवशी मूगडाळीचा मऊ भात झाला, तिसऱ्या दिवशी कुस्करलेलं केळं. रात्र तशीच.

"खलाशी लोकांका जेवण घातलास म्हणतास," बायको सत्यवती म्हणाली, "हंय एक वाटी संपना."

शनिवारी मात्र चमचा पुढे करताना त्यांनी अनिशच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो कान चोळत होता. डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं. हे तोंड त्यांच्या ओळखीचं होतं. पाळी संपवून आलेला खलाशी असाच ताटावर बसायचा, दोन घास खाऊन आडवा व्हायचा, आणि दोन तासांनी भुकेने उठून बिस्किटं शोधत यायचा. पहिल्या वर्षीच दत्ताराम शिकले होते, अशा माणसाला पाळीच्या आधी जेवू घालायचं.

"जेवण चुकाक नाय," ते म्हणाले. "येळ चुकली."

"येळ मी ठरवलंय," सत्यवती म्हणाली. "झोपताना पोट भरूचा, असा माझी आवस सांगी."

"तुझ्या आवशीन पाच जणांका वाढल्यान. मी पंचवीस."

रविवारी संध्याकाळी सहा वाजता, अनिश अंगणात मांजरामागे रांगत असताना, त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. सत्त्वाच्या घट्ट पेजेत केळं मिसळलेलं होतं. वाटी संपली. त्याने वाटी उलटी करून आतही पाहिलं. आठला आईचं दूध पिऊन तो झोपला.

दिव्याला जाग आली ती फटफटल्यावर. घाबरून तिने अनिशच्या नाकाशी बोट नेलं. तो झोपेत ओठ चोखत होता. दारात दत्ताराम उभे होते.

"श्वास बघतंस? मी रातभर जागो. तीनदा बघून गेलंय."

"म्हणजे तो उठूकच नाय?"

"एकदा कुरकुरलो. थापटल्यावर निजलो." मग म्हणाले, "कदाचित आज उठतलो पण. सगळा पेजेच्या हातात नसता. पण सा वाजता जेवतलो, ह्या माझ्यावर सोड."

दिव्या कामावरची साडी नेसली, तिने पर्स भरली, आणि पायरी उतरताना म्हणाली, "कुडाळाक पोचलंय की फोन करतंय."

"कर. पण नऊ वाजता नको. निजाची येळ ती."

"अनिशची?"

"माझी."

दिव्या हसत हसत एसटीकडे धावली.