बरण्यांवरची नावं

शेजारी दाराला रंग लावतायत. वास नाकात शिरला आणि दहा वर्षांपूर्वीची, आखातातल्या हमद टाउनमधली दुपार आठवली.

बायको, रेहाना, जॅमच्या रिकाम्या काचेच्या बरण्या पांढऱ्या रंगवत बसली होती. तिच्या रिपोर्टचा हॉस्पिटलातून फोन यायचा होता. माझी नजर मोबाइलवरून हलत नव्हती. रंग वाळला तशी ती सॅन्डपेपरनं कडा घासायला लागली.

"नवी बरणी जुनी कशाला करतेस?" मी खेकसलो. सलमाबादच्या गॅरेजात मी जन्मभर जुन्या गाड्या रंगवून नव्या केल्या.

"फॅशन आहे. तुम्हाला नाय कळायची."

मग काळ्या रंगानं तिनं मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. मीठ, साखर, रवा.

"लिहितेस कुणासाठी? तुला तर डोळे मिटूनपण सापडतं."

"असू दे," म्हणाली. मान वर केली नाही.

तेव्हा मला फोनचीच धास्ती. त्याच वर्षी ती गेली, मग मी त्या बरण्या नीट वाचल्या. 'गव्हाचं पीठ' नाही, नुसतं 'पीठ' लिहिलंय. ज्वारीची बरणी तर नावाशिवायच ठेवलीय. मी दुसरी शिकलेला माणूस, जोडाक्षराला अडतो.