भावाच्या जीपचा मागचा बंपर

माझ्या धाकट्या भावाने जीपला मागून लोखंडी बंपर बसवला तो लग्न जमावं म्हणून. ऐकणारा हसतो. त्याने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मीही पदर तोंडाला लावून हसले होते. आता कोणी हसलं की माझं डोकं फिरतं.

भाऊ पस्तिशी ओलांडलेला. गाव आमचं दुसरबीडच्या अलीकडे. जमीन बरी, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, अंगाला दारूचा वास नाही, तोंडात तंबाखू नाही. आई-वडील गेल्यापासून घरात एकटा. सकाळी स्वतःच भाकरी थापतो आणि माझ्यापेक्षा गोल थापतो. मी चिखलीला असते. आमचे हे शाळेत क्लार्क, म्हणजे मला वेळेवर नोकरीवाला मिळाला आणि माझं सुटलं. त्याचं अडकलं ते अडकलंच. त्याला मुलगी पाहून द्यायला माझ्याशिवाय मागेपुढे कोणी नाही, म्हणून हे सगळं माझ्याच गळ्यात.

आमच्या गावात आता हे घरोघरी झालंय. तिशी उलटलेली पोरं संध्याकाळी पारावर बसतात, एकमेकांच्या मोबाइलमध्ये बायोडाटे पाहतात, आणि कोणाचं जमलं की त्याच्या हळदीत इतकं नाचतात की पाहवत नाही.

जीप जुनीच घेतलेली, चारही चाकांना ओढ असणारी. शेतात कामाला येते, हे त्याचं म्हणणं. मग एक दिवस म्हणाला, मागून भारी बंपर बसवतो. मी विचारलं, मागून काऊन? पुढून बसव, लोकांना दिसेल तरी. तर त्याने मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जसं काही यावर त्याने रात्रंदिवस विचार केला होता.

"ताई, पोरीवाले गाडी कवा पाह्यतात? आपन जातो तवा ते खुर्च्या मांडून राह्यलेले असतात, चादरी झटकून राह्यलेले असतात. निंगताना सगळे दारात येऊन उभे राह्यतात. तवा त्यायच्या डोळ्यापुढं काय असते? गाडीचा पिछा."

मी म्हटलं, गाडीचा पिछा पाहून लोक पोरी देत असते तर ट्रकवाल्यांची चार-चार लग्नं झाली असती. तो हसला नाही. तिथेच मला समजायला हवं होतं की गंमत संपलेली आहे.

भाऊबीजेला गेले तेव्हा मला दुसरबीडला घेऊन गेला, रस्त्याच्या कडेच्या वेल्डिंगवाल्याकडे. दुकानामागे कंपनीचे काढून टाकलेले प्लॅस्टिकचे बंपर एकावर एक पडले होते, त्यांत याचाही जाऊन पडला. नवीन बंपर म्हणजे अवजड प्रकरण. जाड पत्रा, त्यावर वाकवलेला पाइप, दोन्ही टोकांना टोचनच्या, म्हणजे अडकलेली गाडी ओढायच्या, साखळीसाठी कड्या, मधे हूक. एका बाजूला फाटकासारखा उघडणारा दांडा, त्याच्यावर स्टेपनी. दुसऱ्या बाजूला डिझेलच्या कॅनसाठी चौकट. म्हटलं, कॅन कशाला रे, पंप तर घरापासून हाकेवर आहे. म्हणाला, कॅन रिकामाच ठेवायचा, पण दिसायला पाहिजे.

वेल्डिंगवाला काम करता करता म्हणाला, "पाह्यले कवा जायाचं हाये?" काय पाहायला, कोणाला पाहायला, काही विचारलं नाही त्याने. त्याच्याकडे येणारी सगळी गिऱ्हाइकं याच कामाची असावीत. भावाने मान खाली घालून सांगितलं, येत्या रविवारी. मग तुमचं आधी करून देतो, तो म्हणाला, बाकीच्यायचं थांबेल. मला तिथे उभं राहवेना. मी जाऊन जीपमध्ये बसले.

मग आम्ही फिरलो. मी, आमचे हे, भाऊ, आणि मागे तो काळाकुळकुळीत बंपर. निघायच्या आधी तो त्याच्यावरून ओलं फडकं फिरवायचा, कड्यांच्या आतून बोटं घालून धूळ काढायचा. मुलीच्या गल्लीत जीप वळवून अशी लावायचा की पिछा बरोबर ओसरीकडे येईल. मला लाज वाटायची. पोहे यायचे, चहा यायचा, मुलगी यायची, किती शिकलीस विचारायचं, आणि शेवटी सगळी मंडळी दारात यायची, त्याने सांगितलं होतं तशीच. मुलीचे वडील म्हणायचे, कळवतो. हा "कळवतो" मी इतक्या दारांत ऐकला की आता कोणी दुसऱ्याच कामासाठी म्हटलं तरी मला ते पोहे आठवतात. सरळ नाही म्हणायला या लोकांची जीभ झडते की काय!

भाऊ रोज संध्याकाळी फोन करायचा, आला का निरोप. चार-पाच दिवसांनी तेवढं विचारणं बंद व्हायचं, मग तो जीपबद्दल बोलायचा. रंग उडाला, पुन्हा मारला, नट ढिला झाला, आवळला. मी मुकाट्याने ऐकून घ्यायचे, कारण तो काय विचारत नाहीये ते मला कळत होतं.

एकदाच मला खरोखर वाटलं, जमलं. अमडापूरजवळच्या एका गावातलं स्थळ होतं. आम्ही पोचलो तर वेशीतच गोंधळ. कोणाची तरी पाइपलाइन फुटलेली, काळ्या मातीचं लोणी झालेलं, आणि त्यात सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट रुतून बसलेली. ट्रॅक्टर मुलीच्या चुलत्याचाच निघाला. भावाने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, जीप उलटी घेतली, साखळी बंपरच्या कडीत अडकवली. मी ओरडत होते, अरे कपडे, अरे बूट. त्याचं लक्षच नव्हतं. जीप गुरगुरली, चाकांनी चिखल उडवला, आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, पोती, सगळं हळूहळू वर आलं. बंपर जागचा तसूभरही हलला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मुलीच्या वडिलांनी स्वतः बादलीभर पाणी आणून याच्या पायावर ओतलं आणि म्हणाले, मानूस कामाचा हाये.

आत बसल्यावर मुलगीही हसून बोलली. तिच्या आईने मला हळदीकुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला. निघताना अख्खी गल्ली दारात, आणि आमच्या गाडीच्या पिछ्यावर चिखल वाळलेला. भाऊ गाडी चालवताना गाणं गुणगुणत होता. त्याचा आवाज मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा असा ऐकला. मी खिडकीतून बाहेर पाहत मनातल्या मनात मांडव घालून मोकळी झाले.

मध्यस्थ बाईकडून निरोप आला तो असा, की माणूस लाखात एक आहे, पण पोरीले पुण्यावाला पाह्यजे. कंपनीतला असला तरी चालेल, भाड्याच्या खोलीतला असला तरी चालेल, पण वावरवाला नको.

मी त्या बाईला जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. घरभर फिरून बोलले, भांडी आपटत बोलले. सगळ्या जगाला ज्वारी पाहिजे, दूध पाहिजे, तूर पाहिजे, ते पिकवणारा मात्र जावई म्हणून नको. आमचे हे म्हणाले, अगं हळू, शेजारी ऐकतील. ऐकू द्या म्हटलं. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, जाऊ दे ना ताई, त्यायची पोरगी हाये.

आता माझ्या मुलीचं सांगते. ती फार्मसी झाली, चिखलीतच एका मेडिकलवर बसते. यांच्या शाळेतल्या एका सरांनी स्थळ आणलं, बीबी गावाकडचं. सरांचा शब्द मोडवेना म्हणून पाहुण्यांना या म्हटलं. मुलीला पाहायला येणार म्हणजे मामा हवाच, तर भाऊ सकाळीच येऊन बसला, भाचीसाठी पेढे घेऊन.

पाहुण्यांची जीप गल्लीत शिरली, वळली, आणि पिछा आमच्या दाराकडे करून उभी राहिली. मागे लोखंडी बंपर, कड्या, हूक, कॅनची चौकट. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि पोहे ढवळायचे विसरले.

मुलगा उंच, काळासावळा, बोलायला साधा. बीएस्सी झालेला, घरची बागायती शेती करतो, संत्र्याची बाग लावलीय. प्रश्न विचारताना माझ्या मुलीपेक्षा तोच जास्त घामाघूम. चहा झाल्यावर भाऊ त्याच्याबरोबर बाहेर गेला आणि दोघं त्या बंपरजवळ कितीतरी वेळ बोलत उभे राहिले. भाऊ वाकून वेल्डिंग पाहत होता, तो पोरगा हाताने काहीतरी समजावत होता. दोघं हसत होते. नवरा मुलगा कोण आणि मामा कोण, लांबून ओळखूसुद्धा आलं नसतं.

निघताना आम्ही सगळे दारात आलो. मुलाच्या वडिलांनी हात जोडले. आणि मी म्हटलं, "कळवतो." माझ्याच तोंडून गेलं ते.

आत आल्यावर मुलीला विचारलं. ती म्हणाली, मुलगा वाईट नाही, आई, तू ठरव. मला ठरवायला एक क्षणही लागला नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली, कापूस वेचून जिच्या बोटांच्या भेगांतून रक्त यायचं ती, आणि शेवटपर्यंत जिच्या गुडघ्यांतून कळ गेली नाही ती. पोर एवढी शिकवली ती त्यासाठी नाही. मी यांना स्वयंपाकघरात घेतलं आणि दबक्या आवाजात म्हटलं, सरांना सांगा, नोकरीवालाच पाहिजे, वावरवाला नको. आमचे हे माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मग मला कळलं की ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहताहेत. भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता.

त्याने तांब्या ओट्यावर ठेवला. म्हणाला, त्या लोकायले आताच सांगून द्या, दाजी, उगंच आस लावू नका. नंबर द्या, मी बोलतो. यांनी दिला. त्याने तिथेच, माझ्यासमोर, मुलाच्या वडिलांना फोन लावला.

"मी पोरीचा मामा बोलतो. तुमच्या पोरात काही कमी नाही, चांगला हाये पोरगा. पन आमी पोरगी वावरात देनार नाही. वाट पाहू नका, दुसरीकडं पाहा. मी सोता वावरवाला हाओ, म्हनून सरळ सांगून राह्यलो."

पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तो दोनदा हाव, हाव म्हणाला आणि फोन ठेवला. मी रडायला लागले. खरं सांगते, मला तेव्हा त्याचा राग आला, स्वतःचा आला, त्या संत्र्याच्या बागेचासुद्धा आला. मी म्हटलं, अरे तुझ्यासाठी मी अजून पाहीन, जालन्याकडे पाहीन, एखादी मिळेलच. तो माझ्याजवळ आला, लहानपणी मी त्याच्या डोक्यावर ठेवायचे तसा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"नको पाहू आता, ताई. तुहं काही चुकलं नाही. माही पोरगी असती, तं म्याबी नसती देली."

असं म्हणून तो भाचीला पेढा भरवायला बाहेरच्या खोलीत गेला.