दुसऱ्या पेटीचा उजेड

बोरी अरबच्या मिस्त्रींइतका सावकाश माणूस देवाने अख्ख्या वऱ्हाडात दुसरा घडवला नसेल. बोरीहून दारव्ह्याला सायकलने यायला कोणालाही तास-दीड तास पुरे. मिस्त्रींना अर्धा दिवस लागे. वाटेत कुणाच्या घरात रेडिओ खरखरताना ऐकू आला की ते न बोलावता सायकल टेकवत आणि "काही नाही, फक्त ऐकून राह्यलो," म्हणत ओसरीवर बसून राहत. त्यांचे वडील स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचे. मिस्त्री रेडिओ, पिठाच्या गिरणीची मोटर, यात्रेतल्या तंबू-सिनेमाचं यंत्र, जे बिघडेल ते करत. पण करत म्हणजे आधी दोन-दोन दिवस नुसतं पाहत. या सावकाशपणावर मी पुष्कळ हसलो आहे. आता हसत नाही.

दारव्ह्यात माझा फोटो स्टुडिओ होता. नागपूरहून जुन्याच विकत आणलेल्या फ्लॅशच्या दोन पेट्या होत्या: एक समोरून लख्ख उजेड टाकणारी आणि दुसरी बाजूने चेहऱ्यावरची सावली उजळवणारी. सन बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास दोन्ही थकल्या. फोटो काळपट यायला लागले. बाभुळगावकडचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाचे फोटो माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "आमचा पोरगा गोरा हाये. तुमी याले कोळशाच्या वखारीतून काढला!" तेव्हा मी मिस्त्रींना निरोप धाडला.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही स्क्रू फिरवला नाही. डोळे मिटून पेटीची बारीक शीळ ऐकली आणि वैद्याने विचारावं तसं विचारलं, "पावसाळ्यात निजून होती का?" होती. पावसाळ्यात लग्नं नसतात, पेट्या कपाटात असतात. "मंग कंडेन्सर आळसावले," म्हणाले, म्हणजे आतले वीज साठवणारे डबे, आणि त्यांनी मध्ये एक बल्ब जोडून पेटीला थेंबथेंब वीज पाजायला सुरुवात केली. दिवस कलला तरी तेच. मी वैतागून म्हणालो, "द्या ना एकदम पूर्ण करंट!" तर म्हणाले, "भाऊ, उपाशी मानसाले कोनी एकदम पुरनपोळी चारते काय?"

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दुसरा नेम. एका आठवड्यात उजेड पुढे फेकणारी, धुराने मळलेली पत्र्याची वाटी राखेने घासली आणि एक फोटो घेतला. पुढच्या खेपेला फ्लॅशची काळवंडलेली नळी बदलली. पुन्हा एक फोटो. प्रत्येक फोटोत खुर्ची तीच, अंतर गाठी मारलेल्या सुतळीने मोजलेलं, आणि खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेला पांढरा टॉवेल. त्या टॉवेलाच्या पांढऱ्यावरून ते उजेड जोखत. आता खुर्चीत बसवायचं कोणाला? गिऱ्हाइकाला काही चाचणीला बसवता येत नाही. म्हणून मागच्या घरातून माझी बायको यायची, पदराला पिठाचे हात पुसत. "भाभी, हसू नका, उजेडाले फरक पडते," असं मिस्त्री गंभीरपणे सांगायचे आणि त्यावरच तिला हसू फुटायचं. बिघाड सापडेपर्यंत चहाला तोंड लावायचं नाही, हीही त्यांची शपथ. ती चहा चारदा गरम करायची आणि म्हणायची, "मिस्त्रीभाऊ, आता हा चहा नाही, काढा झाला."

हळूहळू समोरची पेटी सुधारली. नवरदेव पुन्हा गोरे झाले. दुसरी मात्र ऐकेना. चाचणीच्या फोटोत बायकोच्या डाव्या गालाखाली एक सावली पडायची आणि ती दर फोटोत वाढतच होती. सावली वाढते म्हणजे बाजूचा उजेड कमी पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मिस्त्रींनी कंडेन्सर बदलला. तारा बदलल्या. नागपूरहून नवी नळी मागवली, तिची वाट पाहण्यात महिना गेला. सावली तिथेच. मी त्यांच्यावर ओरडलो, "तुमच्याच्यानं होत नसंल तर तसं सांगा!" त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि सायकल काढली.

त्यानंतर आले तेव्हा त्यांनी हत्यारांची पिशवी सायकललाच राहू दिली. सगळे फोटो मागितले. टेबलावर ओळीने मांडले आणि भिंगातून एकेक पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

"पेटीत फाल्ट नाही, भाऊ."

"मग?"

"टावेलची घडी पाहा. घडीखालची सावली सगळ्या फोटोत तेवढीच हाये. भाभीच्या गालाखालचीच वाढून राह्यली."

बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मिस्त्री तिच्याकडे न पाहता, जमिनीकडे पाहत म्हणाले, "भाभी, जेवन जाते का तुम्हाले?"

ती आधी हसली. मग कप खाली ठेवून त्याच खुर्चीत बसली. तीन-चार महिने अन्न पोटात ठरत नव्हतं. दुखतही होतं.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगनार होती," ती म्हणाली. "म्हटलं, आधी तुमचा उजेड तर येऊ द्या."

यवतमाळ झालं, मग नागपूर झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मिस्त्री दोनदा नागपूरला येऊन गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहत. आत या म्हटलं की मानेनेच नको म्हणत. पोळ्यानंतर ती गेली. मातीला ते आले होते. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आले नि म्हणाले, "मी पेटीच पाहत राह्यलो, भाऊ." ती माझ्या ताटासमोर रोज बसत होती, आणि मीही पेटीच पाहत होतो. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बोटांना भाजल्याचे बारीक डाग होते.

पुढे स्टुडिओ चालला, पेट्याही चालल्या. मिस्त्रींशी मात्र या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. काही वर्षांनी एका सकाळी यवतमाळच्या बसथांब्यावर ते सहकुटुंब भेटले. मिस्त्री तिकिटांसाठी पुढे गेले. त्यांची बायको, धडधाकट, गोल चेहऱ्याची, बुरख्याचा पडदा जरा वर करून मला हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्हीच समजावा यायले. मले काही झालं नाही. दरसाली डाक्टरकडे नेऊन राह्यले, आजही तिकडेच. डाक्टरही हसते. कायले नेतात, इचारलं तर सांगत नाही."

बस लागली होती. मिस्त्री आत चढून, एका खिडकीपाशी रुमाल टाकून, तिला हाताने बोलावत होते. असं घाईत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊन या, भाभी."