मामांचा टायर

माझ्या मामांइतका अस्वस्थ माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, भाताला ताक आलं की उठलेच! अमरावतीला वकिली करायचे, पण युक्तिवाद करताना इकडून तिकडे इतक्या येरझाऱ्या घालायचे, की न्यायाधीशांची मान अवघडते असं त्यांचे कारकूनच आम्हाला सांगत. अशा माणसाने फटफटी घेतली. बरं, घेतली तर घेतली, चालवावी की नाही? पण मामांना चालवण्यापेक्षा तिचे टायर काढून परत घालण्यातच जास्त गोडी.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले आणि फटफटीचा टायर मुंबईहून येई. तो बसवायला मात्र मामांना परका हात चालत नसे. "मिस्त्रीले काय माहीत माह्या गाडीचा सभाव?" असं म्हणायचे. टायर झिजो न झिजो, दर रविवारी चाक अंगणात यायचंच, आणि तेही पारोशानेच, कारण आंघोळीनंतर रबराला हात लावला तर पूजेसाठी पुन्हा आंघोळ आली. पुढचा टायर मागे जाई, मागचा पुढे येई. "दोघायलेबी सारखं काम पाह्यजे." टायर उन्हात तापवायचा, कडेला रिठ्याचं पाणी लावायचं आणि लोखंडी पट्ट्यांनी कड उचकटायची. पट्ट्या होत्या दोनच, तिसरी म्हणून मामीचं उलथणं. मामी चुलीपासून ओरडायची, "अवो, माहं उलथनं द्या पह्यले, भाकर जळून राहिली!" मामा म्हणत, "एक मिनिट." ते मिनिट जेवणाच्या वेळेपर्यंत चाले. ट्यूबमधले बुडबुडे शोधायला आंघोळीचं घंगाळ अडकलेलं, म्हणजे घरातले आम्ही सगळेच पारोसे. एकदा शेंदूरजनाघाटचे एक बागाईतदार संत्र्याच्या बागेच्या वाटणीचा दावा घेऊन आले. मामांनी त्यांना जोडे काढायला लावले आणि टायरच्या कडेवर उभं केलं. "आता बोला, पन हालू नका." त्या भल्या माणसाने आपल्या तिन्ही भावांची गाऱ्हाणी तिथूनच सांगितली. आणि गंमत म्हणजे मामांनी तो दावा जिंकला.

माझे वडील गेल्यावर आई आणि मी मामांकडेच राहत होतो. त्यांनी आम्हाला कधी एका शब्दाने जाणवू दिलं नाही, पण माझी आई पानात दुसरी पोळी घ्यायला लाजायची, ते मला बघवत नसे. म्हणून अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली तेव्हा मला ती हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. मुलाखत अकराला. बडनेऱ्याहून सकाळची गाडी होती, बरोबर मामी यायला तयार होती, सगळं ठरलेलं होतं. पण मामा कुठले ऐकायला! "काहून घाबरून राहिली तू? रेल्वे काय आपल्या बापाची हाय? फटफटी आपली हाय." तेवढ्यावर न थांबता आदल्या दिवशी त्यांनी मागच्या चाकाला खास नवा टायर घातला.

लुगडं सावरत, एका बाजूला पाय सोडून मी मागे बसले. मूर्तिजापूरपर्यंत रस्त्यावरची गुरं, माणसं, सगळी आमच्याकडे बघत उभी राहिली. अकोला चारेक मैलांवर आलं आणि मागचं चाक बसलं. मामा खुशीतच उतरले! कोट-जोडे काढले, टायर सोडला, ट्यूब ओढून काढली आणि बघतात तर तिला जागोजागी भोकं. टायरमधून पांढरी भुकटी भुरभुर खाली पडत होती. ट्यूब घासू नये म्हणून आत शंखजिरं, म्हणजे मऊ गुळगुळीत पूड टाकतात, तसं त्यांनीही टाकलं होतं. मी चिमूटभर हातात घेतली आणि माझं कपाळच उठलं. शंखजिरं कसलं, मामीची रांगोळी होती ती! पंचावन्न मैल त्या खरखरीत दगडाच्या पुडीने ट्यूब आतल्या आत किसून काढली होती.

"डबा पांढरा दिसला, उचलला," मामा म्हणाले आणि ठिगळं कातरायला बसले. दहा वाजून गेले होते. मग माझा तोल गेला. "पुरे करा आता! तुमच्या या हौसेपायी माझं वाटोळं केलंत तुम्ही!" भर रस्त्यात, वडिलांसारख्या माणसाला मी असं बोलले.

मामांच्या हातातली कात्री खाली पडली. ते उठले आणि अनवाणीच पळत जाऊन अकोल्याकडे निघालेली एक रेंगी, हलकी बैलगाडी, त्यांनी थांबवली. "दादा, या पोरीले अकराच्या आत शाळेत पोचवा, तिच्या जिंदगीचा सवाल हाय." रेंगीवाल्याने बैल पळवले. मी पाच मिनिटं आधी शाळेत शिरले, अंगभर काळ्या मातीचा धुरळा घेऊन. नोकरी मला मिळाली. दुपार कलल्यावर मामा फटफटी ढकलत शाळेच्या फाटकाशी आले, घामाने भिजलेले. "लागली?" मी म्हटलं, "लागली." "बेस झालं," म्हणाले. मी इतकी आनंदात होते, की बाकीचं बोलायचं राहूनच गेलं.

दिवाळीला मी अमरावतीला आले तेव्हा अंगणात एक मिस्त्री चाक बसवत होता. मामा दारात उभे राहून नुसते बघत होते. मी हसत म्हटलं, "हे काय मामा, परका हात? उठवा त्याला, तुम्हीच बसवा ना!"

"नको बाई," मामा म्हणाले. "माह्या हातानं तुही नौकरी जात होती."

ते रागाने बोलले नव्हते. माझा राग तर त्या रेंगीत बसल्या बसल्याच उतरला होता. एवढं एक वाक्य तेव्हा सांगितलं असतं, तर मामा बाह्या सरसावून तिथल्या तिथे मिस्त्रीशेजारी बसले असते. मी फराळाची ताटं वाढायला आत निघून गेले. आज मामा नाहीत, आणि ते वाक्य अजून माझ्यापाशीच आहे.