दुकानाच्या दोन फळ्या

सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस, ज्येष्ठातला मंगळवार, सकाळ. निजामाच्या मुलखातलं गोरेगाव.

निघताना हजर माणसं: माझा भाऊ, ज्याला सगळं गाव भाऊच म्हणतं. त्याची सून इंदू. तिच्या खांद्यावर तिची लेक यमू, जिचा सव्वा महिना अजून भरायचा होता. गाडीवान. भिंतीपलीकडचे चांदभाई पिंजारी आणि त्यांची बायको अमीनाबी. आणि मी, भाऊची विधवा बहीण, घरातली अक्का. भाऊचा मुलगा विष्णू हजर नव्हता. तो जागा बघायला आधीच वाशीमला गेला होता.

ही हजेरी मी मुद्दाम आधी लिहिते. गोरेगावात जे राहिले त्यांना आमची गाडी एकाएकी दिसेनाशी झाली एवढंच ठाऊक आहे, आणि आमच्यासारखे जे निघाले त्यांना ज्याची त्याची गाडी आठवते. आमची कशी निघाली ते सांगते.

बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, हे मीच शेजारच्या पोरींना ऐकवत आलेली. पण त्या उन्हाळ्यात दिवस धाकाचे होते. निजामाच्या बाजूची माणसं आसपासच्या गावांतली दुकानं फोडत होती, आणि भाऊचं किराण्याचं दुकान तर ऐन रस्त्यावर. पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेलं की निजामाची हद्द संपते, एवढाच हिशेब सगळे करत होते. नदीला पाणी यायच्या आत निघायचं ठरलं.

गाडी भरायचं काम माझं. जड खाली, फुटणारं मध्ये, लागणारं हाताशी. धान्य, भांडी, कपडे झाल्यावर लेकरासाठी मऊ म्हणून सगळ्या गोधड्या वर रचल्या. तेवढ्यात चांदभाई नवी गादी खांद्यावर घेऊन आले. ताज्या कापसाची, स्वतः पिंजलेली. म्हणाले, "अक्का, पोरगी ह्याच्यावर राणीसारखी जाईल बघा."

अमीनाबी मागून आली आणि तिनं ती गादी गाडीतून ओढून खाली टाकली.

"ती गादी पोरीची न्हाई. तुमी बसा तिच्यावर."

"अगं, देऊन राहिलो मी! काहून ओढून राहिली?"

"तुमच्या मऊ गादीचं मला नका सांगू," ती म्हणाली. चांदभाई गादी उचलून घरी परत घेऊन गेले.

त्यांनी वाद का घातला नाही हे मला ठाऊक होतं. अमीनाबीचं पहिलं लेकरू अशाच गादीवर, तिच्या कुशीत झोपलं आणि उठलं नाही. पिंजाऱ्याच्या घरची गादी, गावात तिच्याइतकी मऊ दुसरी नव्हती. लेकराचं तोंड तिच्यात रुतलं की आईच्या अंगाखाली आलं, हे कुणालाच कळलं नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, शेंगा फोडता फोडता, मान वर न करता.

यमूचं दुखणं गावभर माहीत होतं. तिला आडवं टाकलं की ती कमान करायची, दूध वर काढायची आणि निळी पडेपर्यंत रडायची. उभं धरलं की दोन श्वासांत झोप. भाऊनं तिचं नाव तहसीलदारीणबाई ठेवलं होतं. "बाई तपासणीला आल्यात, आडव्या कशा पडतील?" असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि तिला खांद्यावर घेऊन एका हातानं गूळ तोलायचा.

पहिल्यांदा आम्ही सगळ्यांसारखी झोळी बांधली. झोळीत ती झोपली, पण अमीनाबीनं डोकावून बघितलं आणि तिला लगेच उचललं. "हनुवटी छातीला लागून राहिली, अक्का. दम कोंडंल." मग मी पाळ्या लावल्या. दूध पाजलं की लेकरू खांद्यावर, ढेकर येईपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ. मग कसून विणलेल्या बाजेवर, खाली जुन्या लुगड्याचं एकच धडपं, उशी नाही, पांघरूण तोंडापासून लांब. रडली की पुन्हा खांद्यावर, थांबली की पुन्हा बाजेवर. आणि जो धरेल त्यानं भिंतीला टेकायचं नाही, कारण टेकलेला माणूस झोपतो. सकाळी इंदू. दुपारी अमीनाबी, म्हणजे इंदूला झोप मिळे. दिवस कलता भाऊ, दुकानात. दिवेलागणीनंतर मी. अमीनाबी रोज न चुकता, डोक्यावरचा पदर कानामागे खोचत, भिंतीच्या खिंडारातून यायची आणि यायच्या आधीच ओरडायची, "द्या माझी पाळी!"

यमू तरीही आडवी झोपली नाही. पण चार माणसं होती, म्हणून कुणी थकून पडलं नाही.

आता गाडीत बाज मावत नव्हती. मीच ती काढून ठेवली होती, अडचणीची म्हणून. अमीनाबी गाडीभोवती फिरून म्हणाली, "सारं मऊ घेतलं तुमी. लेकरू ठेवणार कशावर?" ती दुकानाकडे बघत उभी राहिली. भाऊ तेव्हा दुकान बंद करत होता. आमच्या दुकानाला दार नव्हतं, खाचेत एकापुढे एक सरकवायच्या सागाच्या फळ्या होत्या, प्रत्येकीवर आकडा घातलेला.

"भाऊ, त्यातल्या दोन द्या. जोडून ठेवल्या की पोरगी मावंल."

भाऊनं तिच्याकडे बघितलं. दोन फळ्या काढल्या की दुकान उघडं. उघडं टाकलेलं दुकान म्हणजे परत न येणाऱ्याचं दुकान. तो सकाळपासून एकच म्हणत होता, पाऊसकाळ संपला की परत येऊ. बराच वेळ तो फळीवर हात ठेवून थांबला. मग त्यानं शेवटच्या दोन काढल्या, स्वतः पुसल्या आणि गाडीत गोधड्यांच्या वर नीट बसवून ठेवल्या.

गाडी हलली तेव्हा अमीनाबी चाकाबरोबर चालत आली. यमूच्या पायाचा अंगठा तिनं मुठीत धरला होता. म्हणाली, "अक्का, बाकी काही नका कळवू. पोरगी आडवी पडून झोपली की तेवढं सांगून धाडा. मला बराबर झोप लागंल मग."

मी म्हणाले, "धाडते."

वाशीमला विष्णूनं कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या सोप्यात जागा धरली होती. आमच्यासारखी आणखी बिऱ्हाडं तिथं होती, मध्ये लुगड्यांचे पडदे. नवे शब्द शिकावे लागले. कॅम्प, कमिटी, रेशनकार्ड, रांग. निजामाचा हाली रुपया तिथं कुणी घेईना, इंग्रजी कलदार लागायचा. गोरेगावात तहसीलच्या कागदाला उर्दू वाचणारा शोधायचो, इथं इंग्रजी वाचणारा. विष्णू स्टेशनवर ओझी उचलायला जाऊ लागला. भाऊ सोप्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. यमूला घे म्हटलं की म्हणायचा, "माझ्या हातात आता जोर न्हाई." ज्या हातानं तो गुळाच्या ढेपी फोडायचा, तोच हात.

म्हणून पाळीला उरलो दोघी, इंदू आणि मी. रेशनच्या रांगेत मी गेले की एकटी इंदू.

पाळ्या लावणं मला येतं. पण पाळी लावायला माणूस लागतं, हे मी तिथं शिकले. शेजारच्या पडद्यातली बाई एखाद्या दिवशी म्हणायची, आणा इकडं, घेते जराशी. दुसऱ्या दिवशी ते बिऱ्हाड अकोल्याला निघून गेलेलं असायचं. गोरेगावात मी घर म्हणजे भिंती, माळवद, चूल असं धरून चालले होते. ते तसं नव्हतं. दुपारी कुणीतरी न बोलावता खिंडारातून यायचं, त्याला मी घर म्हणत होते.

एका दुपारी मी रांगेतून आले तर इंदू खांबाला टेकून झोपलेली, मान कलंडलेली, आणि यमू तिच्या मांडीवरून गोधड्यांच्या ढिगात अर्धी घसरलेली. तोंड कापडात. मी तिला ओढून काढली. ती रडली. तिचं रडणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. इंदू जागी झाली, तिला काय झालं ते कळलं, आणि ती म्हणाली, "आत्या, आता माझ्याकडं देऊच नका तिला."

मी म्हणाले, "देणार. पण मांडीवर न्हाई, फळीवर."

जमिनीला ओल होती, म्हणून चार विटा मांडून त्यावर दोन्ही फळ्या जोडून ठेवल्या, भिंतीपासून दूर, इंदूच्या हाताच्या अंतरावर. वर एका घडीचं धडपं, कडा खाली खोचलेल्या. पाजायचं, उभं धरायचं, उताणं ठेवायचं, पोटावर हात ठेवायचा. रडली की उचलायचं, शांत झाली की ठेवायचं. सोप्यातल्या बायकांना करमणूक झाली. एक वऱ्हाडी बाई म्हणाली, "काहून वं बाई, पोरीचं दुकान मांडलं काय फळीवर?" मी म्हणाले, "हो, घेता का काही?" ती हसली, आणि तेव्हापासून रडणं चढलं की तीही पडदा सारून म्हणू लागली, "ठेव, ठेव, हटू नको."

श्रावणातल्या एका दुपारी यमू आडवी झोपली.

मी तांदूळ निवडत होते. रडणं ऐकू येईना म्हणून वळले, तर ती उताणी, दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूला, तोंड उघडं. इंदू तिच्या नाकाखाली बोट धरून बसली होती, विश्वास बसत नव्हता म्हणून. तिनं मला खुणेनं बोलावलं. भाऊ पहिल्यांदा भिंतीकडून इकडे वळला आणि हळूच म्हणाला, "तहसीलदारीणबाई आडव्या झाल्या." त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी भांडीसुद्धा वाजवली नाहीत. इंदू तिच्या शेजारी जमिनीवर पडली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दुपारीही झोपली. तिसऱ्याही.

अमीनाबीला निरोप धाडायचा होता. पण हद्दीवर ये-जा बंद झाली होती, टपाल पोचेल याचा भरवसा नव्हता, आणि तिकडे जाणारं माणूस मिळेना. मी जो भेटेल त्याला विचारत होते, गोरेगावाकडं कुणी जातं का.

पोळ्याच्या सुमाराला पावसानं जिनिंगची विहीर गढूळ झाली आणि सोप्यात जुलाब सुरू झाले. आधी म्हाताऱ्यांना, मग लेकरांना. पाणी उकळून द्यायला आम्ही सुरुवात केली, सरपण मिळेल तेवढं. डॉक्टर एकदा येऊन पुडी देऊन गेला. यमू पुन्हा आडवी राहीना. फळीवर ठेवलं की कण्हायची, म्हणून पुन्हा खांद्यावर घेतली. त्या दिवसांत भाऊनं स्वतःहून हात पुढं केले. शेवटी ती त्याच्याच खांद्यावर होती. तो बराच वेळ तसाच फिरत राहिला. आम्हाला कळलं होतं, पण कुणी त्याला थांबवलं नाही.

जिनिंगच्या मागं बाभळींच्या रांगेजवळ तिला मातीत ठेवून आलो. इंदूनं दोन्ही फळ्या धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि भिंतीला लावून उभ्या केल्या. सरपणाची टंचाई असताना कुणीतरी त्या मागितल्या. इंदू नाही म्हणाली.

पुढं महिन्याभरात हैदराबादेत फौजा शिरल्या आणि निजामाचं राज्य संपलं. सोप्यात पेढे वाटले गेले. मीही घेतला, तोंडात ठेवला, चव लागली नाही. बिऱ्हाडं परतू लागली. विष्णू पाहणीला गोरेगावी जाऊन आला. दुकान रिकामं होतं, फळ्यांच्या खाचेत दोन फळ्यांची जागा मोकळी, तिच्यातून कुत्री आतबाहेर करत होती. आणि भिंतीपलीकडं कुलूप. उन्हाळ्यात घर सोडायची पाळी आमच्यावर आली होती, आता त्यांच्यावर. कुणी त्याला सांगितलं, पिंजारी हैदराबादकडं गेला. कुणी सांगितलं, परभणीला. एकानं सांगितलं, विचारू नकोस. चांदभाईंची कापूस पिंजायची कमान मोडून उकिरड्यावर पडली होती, ती विष्णूनं पाहिली.

भाऊ म्हणतो, परत जाऊ. इंदू काहीच म्हणत नाही. मला परतायला घर म्हणून जे आठवतं ते तिथं उरलेलं नाही. दुकानाला दोन फळ्या कमी, आणि भिंतीचं खिंडार आहे पण त्यातून येणारं कुणी नाही. इकडंही बाभळींपाशी जी आहे तिला सोडून निघायचं म्हणजे कसं, हे ठरत नाही. म्हणून तूर्त इथंच आहोत. मार्गशीर्ष चालू आहे.

राहिलेली कामं मी नेहमीप्रमाणे मोजून ठेवली आहेत. रेशनकार्डावरचं एक नाव कमी करून घेणं, ते झालं. विष्णूला पक्कं काम, ते होईल. फळ्या गोरेगावी पोचवणं, भाऊ बघेल.

अमीनाबीला निरोप, हे राहिलं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी हैदराबादेत, परभणीत, कुठंही कुणाला चांदभाई पिंजाऱ्याची बायको भेटली, तर तिला सांगा की गोरेगावच्या अक्कानं सांगून धाडलंय, पोरगी आडवी पडून झोपली. उताणी, मुठी वर करून, चांगली दुपारभर. हे खरं आहे, आणि तिनं एवढंच मागितलं होतं.

त्यापुढचं सांगायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.