घट्ट हाताच्या माई

माईंना सपाट वस्तू बघवत नसे. वर्तमानपत्र वाचून झालं की त्याची सुरळी, चटई उचलली की सुरळी. बसचं तिकीट हातात पडलं की उतरेपर्यंत त्याची अशी बारीक नळी व्हायची की कंडक्टर विचारायचा, "माजी, टिकिट?" आणि माई ती कानामागून काढून द्यायच्या. त्या माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन बडोद्याला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधलेली वळकटी त्यांनी माझ्यासमोर सोडली आणि पुन्हा बांधली. मला मात्र आठवडाभर राग होता.

सुरळीच्या वड्या त्यांच्यासारख्या मी कुठे पाहिल्या नाहीत. इथे त्यांना खांडवी म्हणतात, आणि जन्म बडोद्यातच गेल्यामुळे माईही खांडवीच म्हणायच्या. बेसन ताकात शिजवून ताटाच्या पाठीवर पसरायचं आणि वळायचं, एवढंच तर असतं. पण माझी एक तर फाटायची, नाहीतर सुटायची. माई म्हणायच्या, "गरम असताना तुझा हात पळतो, थंड झाल्यावर ते तुझं ऐकत नाही. मधली वेळ पकड." ती मधली वेळ पकडायला मला अर्धा संसार लागला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. माईंना गांजा वळता यायचा. दचकू नका. त्यांचं माहेर दांडिया बाजारातलं, वडील भजनी. वडिलांच्या भजनाला येणारे साधू-बैरागी ओसरीवर बसायचे आणि त्यांचं सगळं करून द्यायचं काम घरातल्या चटपटीत मुलीकडे, म्हणजे माईंकडे. इतर बायका माहेरच्या दागिन्यांचं सांगतात तसं माई माहेरच्या गांजाचं सांगायच्या, तेही पाहुण्यांसमोर, चहा ओतता ओतता. मी आतून डोळे मोठे करायची. त्या बघायच्याच नाहीत.

त्यांच्या मते त्यातही जाती होत्या. चिलीम वळायची नसते, भरायची असते. आत खडा, तोंडाशी ओलं फडकं, आणि भोवती चार माणसं हवीत. "एकट्याने ओढली तर ती चिलीम नव्हे, दुखणं." विडीचं पान आधी ओल्या फडक्यात निजवायचं, मग तिरकं वळायचं, तोंड नखाने आत दुमडायचं आणि दोरा घालायचा. हे खरं हाताचं काम. तयार सिगारेट रिकामी करून तिच्यात भरणारा माणूस त्यांना मुळीच आवडायचा नाही. तो आळशी, दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करणारा. आणि पातळ कागदात वळणारी ती आजकालची मुलं. "त्यांना कागद चाटायची घाई. वळण्याआधीच चाटतात." एवढं सगळं ठाऊक असलेल्या माईंनी आयुष्यात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं, "हाताला सगळं यावं, तोंडाला मोजकंच."

हे ज्ञान कधी कोणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. पडलं ते शीतलच्या.

आम्ही तेव्हा बडोद्यातच गोत्रीला सोसायटीत राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशी, मागची खोली रिकामी, म्हणून ती आम्ही शीतलला दिली होती. धुळ्याची मुलगी, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नवीनच इंजिनिअर म्हणून लागलेली, नोकरी अजून पक्की व्हायची होती. कंपनीच्या बसने उशिरा यायची, आल्या आल्या माईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. माई तिला "आमची कारखानावाली" म्हणायच्या.

एका सकाळी झाडूवाल्या बाईला गच्चीत, कपडे वाळत घालतो तिथे, अर्धवट जळालेलं, काजळून काळं पडलेलं थोटूक सापडलं. आमचे सेक्रेटरी मनोजभाई यांनी ते हुंगलं, टोकरलं, आत हिरवा पाला निघाला. गांजा. मग सोसायटीत दुसरा विषय राहिला नाही. कोण ओढतं गच्चीवर, अशी विचारपूस झाली, तेव्हा शीतलने सरळ सांगितलं की कधीतरी ती गच्चीवर सिगारेट ओढते, तंबाखूची, स्वतः कागदात वळून. पण हे तिचं नाही. लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग ठरली. मुलीने खोली सोडायची, शिवाय तिच्या कंपनीला आणि पोलिसांना कळवायचं, असं मनोजभाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. नोकरी जाणार आणि नावाला डाग लागणार तो वेगळाच. आदल्या दिवशी शीतलने बॅग भरायला घेतली. माईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "कपडे वळून भर, जास्त मावतात." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण आज नको."

रविवारी सगळे खुर्च्यांवर बसले होते. मनोजभाईंचं भाषण संपत आलं तेव्हा लिफ्टमधून माई उतरल्या. एका हातात काठी, आणि मागे मी, ताट घेऊन. ताटात कोमट पाण्याची वाटी आणि कसुरी मेथीचा डबा. मला काहीच सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारी आता इथे स्वयंपाक करणार.

"मनोज बेटा, ते थोटूक दे," माई म्हणाल्या. मनोजभाईंनी ते पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं. माईंनी ते वाटीत सोडलं. "भिजू दे. तोवर, शीतल, तुझे कागद आण. ही मेथी घे. वळ."

पोरीने वळायला घेतलं. पहिली वाकडी झाली म्हणून माईंनी तिला श्वास घ्यायला लावला, पाणी पाजलं, पुन्हा वळायला लावलं. दुसरी पहिलीपेक्षा वाईट झाली. मधे पोट सुटलेली, एका टोकाला उघडी. तिने ती उचलली आणि सगळी मेथी तिच्याच मांडीवर. पहिल्यांदा बायका हसल्या, मग पुरुषही. रडवेली शीतलसुद्धा हसली.

मग माईंनी वाटीतून थोटूक काढलं. ते विडीचं पान होतं, भिजून मऊ झालेलं. त्यांनी दोरा सोडला, पान अलगद उलगडलं आणि सगळ्यांना घड्या दाखवल्या, जणू शालू दाखवतायत. चिमूटभर मेथी घालून ते पान पुन्हा त्याच घड्यांवर वळलं, नखाने तोंड दुमडलं, तोच दोरा घातला. जशीच्या तशी विडी. पुढच्या रांगेतल्या बायका मान वाकवून बघायला लागल्या.

"हिला कागद वळत नाही, पान काय वळणार?" माई म्हणाल्या. "हा हात जुना आहे. पोरींना विचारू नका. आम्हा म्हाताऱ्यांना विचारा."

मनोजभाई म्हणाले की बाहेरून तयार आणली असेल. माईंनी विडीवरचा दोरा पुढे केला. तो नाडाछडीचा लाल-पिवळा धागा होता, देवाचा, मनगटाला बांधतात तो. दुकानातल्या विडीला असा दोरा नसतो, हा घरचा आहे, इतकंच त्या बोलल्या. कोणाकडे बघितलंही नाही. पण निम्म्या मनगटांना तसाच धागा होता. मी मागे उभी होते, मला सगळं दिसत होतं. एकेक बाही हळूच खाली ओढली जात होती.

शेवटच्या रांगेतून रमणकाका उठले. मनोजभाईंचे वडील. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी गच्चीवर एकटे भजन म्हणत बसायचे. गुजराती माणूस, हळू आवाजाचा. म्हणाले, "बेन, ए मारी हती." ती माझी होती. मुलगा सेक्रेटरी, म्हणून तोंड उघडलं नाही, म्हणाले. पण परक्याच्या पोरीला बॅग भरताना बघवत नाही.

मनोजभाईंचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांना काही बोलायला मिळायच्या आत माई म्हणाल्या, "रमणभाई, हात सुरेख आहे तुमचा. पण एकट्याने? खांडवी केलीय, वर चला." आणि मनोजभाईंकडे वळून, "तूही चल, बेटा. बापाला एकटं जेवायला लावतोस, मग काय होणार."

सोसायटीने तो विषय तिथेच सोडला. लिफ्ट लहान म्हणून माई जिन्याने निघाल्या, काठी टेकत. मागे ताट घेतलेली शीतल, मागे रमणकाका, मागे मनोजभाई, आणि पुढे काय होतं ते बघायला निम्मी सोसायटी. वरातच ती. खांडवी अर्थातच पुरली नाही. मी दुसरा घाणा घातला, आणि सांगते, तो पहिल्यांदा माईंसारखा वळला. त्या दिवसापासून रमणकाका दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. भजन चालू राहिलं, धूर थांबला. निदान गच्चीवरचा तरी.

माई त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. शेवटी बोलणं थांबलं होतं, माणसं ओळखू येत नव्हती, पण बोटं चादरीची कड वळत असायची. वळायची, सोडायची, पुन्हा वळायची. शीतल सुट्टी काढून त्यांच्याजवळ बसली होती. तिने ती कड शेवटपर्यंत सरळ केली नाही.

आणि आता ऐका. गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीत, आमच्याच डोक्यावरचा फ्लॅट शीतलने घेतला. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. किल्ली द्यायला मनोजभाई स्वतः आले, नारळ घेऊन. वास्तूच्या दिवशी तिने हट्टाने स्वतःच्या हाताने खांडवी केली. ताट पुढे आलं तर एकेक वडी उलगडून आडवी पडलेली. रमणकाकांनी एक बोटात धरली, ती तिथेच सुटली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आता घरात माईंच्या जागी मी.

मी वडी तोंडात टाकली, चव उत्तम होती, आणि मनोजभाईंना म्हणाले, "बघून घ्या. ती विडी हिची नव्हतीच. हिला आजही वळता येत नाही."